लिंबाची वडी आणि मद्यार्क : घरगुती पाककृतींतील एका घटकाचा इतिहास

१

पाककृतींच्या पुस्तकांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडील अभ्यासकांस अद्याप पुरतीशी लागलेली नाही. दफ्तरे, सनदा, पत्रव्यवहार आणि न्यायनिवाडे ही साधने भारदस्त मानली जातात. स्वयंपाकघरातील वही मात्र करमणुकीचा विषय ठरते. वास्तविक कायद्याने काय बंद केले हे राजपत्रावरून कळते, पण बंद केलेली वस्तू घरातून खरोखर गेली की काय, हे कळण्यास स्वयंपाकघरातच जावे लागते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात एका अगदी साध्या पदार्थाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेतील घरोघरी भाजली जाणारी, लिंबाच्या किंवा नारिंगाच्या रसाची, चौकोनी कापलेली गोड वडी हा तो पदार्थ होय. अलीकडे या वडीत नारिंगाच्या किंवा लिंबाच्या सालीपासून केलेले गोड मद्य, म्हणजे ज्याला लिकर म्हणतात ते, चमचा-दोन चमचे घालण्याची रीत रूढ झाली आहे. पुष्कळांस ही रीत आधुनिक चैनीचा प्रकार वाटते. तो समज कितपत खरा आहे, हाच येथील मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना तीन धागे हाती घ्यावे लागतात : फळाचा, मद्यार्काचा आणि कायद्याचा. हे तिन्ही धागे एका पदार्थात गुंफले गेले, मध्यंतरी त्यांतील एक तुटल्यासारखा दिसला आणि पुन्हा जोडला गेला. तो खरोखर तुटला होता काय, याचा निर्णय शेवटी करता येईल.

२

प्रथम नावांचा विचार करू. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसीत ‘नारंग’ या रूपाने, अरबीत ‘नारंज’ या रूपाने आणि स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ या रूपाने आढळतो. इंग्रजी ‘ऑरेंज’ हे त्याच मालिकेतील रूप होय. ‘लिंबू’, फारसी ‘लीमू’ आणि इंग्रजी ‘लेमन’ यांचेही नाते उघड आहे. फळाचा प्रवास नावाच्या प्रवासाशी जुळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने या कुळातील वृक्षांचे मूलस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात दाखविले आहे. आपले पपनस आणि संत्र्याच्या जातीचे फळ यांच्या संकरातून कडू नारिंग निर्माण झाले, आणि कडू नारिंग व महाळुंग यांच्या संकरातून पाश्चात्त्यांचे पिवळे लेमन. पश्चिमेकडील मिष्टान्नांत ज्या दोन फळांनी राज्य केले, ती दोन्ही अशी संकरज आहेत.

मराठी वाचकांस येथे ‘संत्रे’ या शब्दाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोर्तुगालातील सिंत्रा या गावाच्या नावावरून हा शब्द आला, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. परंतु बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना ‘संगतरा’ या नावाने एका फळाची नोंद केली आहे. बाबर १५३० साली मृत्यू पावला, आणि वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. अवघ्या तीस-बत्तीस वर्षांत पोर्तुगीज गावाचे नाव उत्तर हिंदुस्थानच्या बोलीत असे मुरून जावे, हे संभवनीय वाटत नाही. ‘मोसंबी’चा मोझांबिकशी असलेला संबंध मात्र सर्वसामान्यपणे मान्य झालेला आहे. नावाचे साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा या उदाहरणावरून घेण्यासारखा आहे. पुढील विवेचनातही तो उपयोगी पडेल.

साखरेची कथा प्रसिद्धच आहे. ‘शर्करा’ या शब्दाची वंशावळ फारसी ‘शकर’ व अरबी ‘सुक्कर’ यांतून युरोपीय भाषांपर्यंत पोहोचते. मद्यार्काचे नाव अरबी ‘अल्-कुह्ल’ या शब्दावरून आले असून त्याचा मूळ अर्थ डोळ्यांत घालावयाचा सुरमा असा आहे. बारीक पूड, मग कोणत्याही पदार्थाचे सूक्ष्म सत्त्व आणि शेवटी मद्याचे सत्त्व, असा हा अर्थविस्तार झाला. ऊर्ध्वपातनाच्या पात्राचे युरोपीय नाव ‘अलेंबिक’ हेही अरबी ‘अल्-अंबीक’वरून आले आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत इटलीतील वैद्यांनी ऊर्ध्वपातनाने मद्यार्क काढण्याची क्रिया लिहून ठेवली. बोलोन्याचा वैद्य ताद्देओ आल्देरोत्ती, मृत्यू १२९५, याचे नाव त्यांत अग्रगण्य आहे. हे सत्त्व प्रथम औषध होते. वनस्पतींची मुळे, पाने आणि साली त्यात भिजवून त्यांचा गुण काढून घ्यावयाचा, ही वैद्यांची रीत. पुढे तीत साखर मिसळली आणि औषधाचे मिष्टपेय झाले.

सालीचा गुण मद्यार्कातच का उतरतो, याचे कारण रसायनशास्त्रात आहे. नारिंगाच्या सालीतील सुगंधी तेलाचा मुख्य घटक लिमोनीन हा होय. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात मात्र सहज विरघळतो. फळाच्या रसाने आंबटपणा येतो, पण सालीचा सुवास टिकवून धरण्यास तेल, लोणी किंवा मद्यार्क यांपैकी काहीतरी लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे जुन्या पाककृतींत फळाच्या जोडीला मद्य का येते, याचा उलगडा होतो.

३

आता ग्रंथांकडे वळू. हॅना ग्लास या इंग्रज स्त्रीचे पाकशास्त्रावरील पुस्तक १७४७ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘एका स्त्रीने’ लिहिलेले एवढाच उल्लेख होता. त्यातील नारिंगाच्या एका पुडिंगचे साहित्य पाहण्यासारखे आहे. सोळा अंड्यांचे बलक, अर्धा पौंड वितळलेले लोणी, अर्धा पौंड साखर, दोन सेव्हिल नारिंगांची किसलेली साल, नारिंगाच्या फुलांचे पाणी, गुलाबपाणी, साय, चुरलेली बिस्किटे, आणि पाव पिंट ‘सॅक’, म्हणजे स्पेनकडून येणारी कडक वाइन. हे मिश्रण पदरदार पारी घातलेल्या थाळीत ओतून भट्टीत भाजावयाचे. खाली लोण्याची पारी आणि वर अंडी, साखर व नारिंग यांचा घट्ट झालेला थर, ही रचना आजच्या वडीचीच आहे. भेद आकाराचा आहे, तत्त्वाचा नाही.

अमेरिकन लेखिकेने लिहिलेले पहिले पाकपुस्तक म्हणून ज्याची ख्याती आहे, ते अमिलिया सिमन्स हिचे पुस्तक १७९६ साली हार्टफर्ड येथे छापले गेले. त्यात नारिंगाचे हेच पुडिंग बहुतांशी त्याच प्रमाणांनी दिलेले आढळते. पाठभेद मात्र बोलका आहे. ग्लासबाईंच्या ‘सॅक’च्या जागी येथे नुसती ‘वाइन’ आली आहे. हस्तलिखितांच्या परंपरेत पाठभेदावरून प्रदेश व काल ठरवावा, तसेच येथेही करता येते. लंडनच्या बाजारातील विशिष्ट मद्याचे नाव समुद्रापलीकडे गळून पडले आणि जे हाती लागेल ते चालेल, असा अर्थ रूढ झाला. घटक मात्र टिकून राहिला.

तिसरा टप्पा फिलाडेल्फियाचा. त्या शहरात एलिझाबेथ गुडफेलो हिने पाकक्रियेची शाळा चालविली होती. तिची शिष्या एलायझा लेस्ली हिने १८२८ साली पंचाहत्तर कृतींचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील लिंबाच्या पुडिंगात एक लहान लिंबू, तीन अंडी, पाव पौंड साखर, पाव पौंड लोणी, चमचाभर गुलाबपाणी आणि वाइन व ब्रँडी एकत्र करून मोठा चमचाभर, असे साहित्य सांगितले आहे. पारीसाठी पाच औंस पीठ आणि पुन्हा पाव पौंड लोणी. सोळा बलकांच्या जागी तीन अंडी आली, म्हणजे पदार्थ सरदाराच्या पंक्तीतून मध्यमवर्गीय घरात उतरला. मद्याचे मापही पाव पिंटावरून चमच्यावर आले. पेयाचे सुवासिक द्रव्य झाले, असे या बदलाचे वर्णन करता येईल. आजच्या कृतीतले ‘दोन चमचे’ हे माप या १८२८ च्या चमच्याचे वंशज म्हणावयास हरकत नाही.

या तीन ग्रंथांवरून एवढे निश्चितपणे म्हणता येते की, नारिंग-लिंबाच्या भाजलेल्या मिष्टान्नात मद्य घालणे ही अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील सामान्य रीत होती. तिला कोणी चैन म्हणत नव्हते.

४

लिकर या विशिष्ट मद्याचा इतिहास याला समांतर चालतो. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव हे बेट डचांनी १६३४ साली स्पॅनिशांकडून घेतले. स्पॅनिशांनी तेथे लावलेली सेव्हिलची नारिंगे त्या कोरड्या भूमीत इतकी कडू झाली की ती खाण्यास निरुपयोगी ठरली. परंतु त्यांची वाळवलेली साल अतिशय सुगंधी असते, असे आढळून आले, आणि त्या सालीपासून केलेल्या मद्यास बेटाचेच नाव मिळाले. निष्फळ गेलेल्या लागवडीतून एक व्यापारी वस्तू निर्माण झाली. बेटावरची साल, मळ्यांतील साखर आणि युरोपातील ऊर्ध्वपातन यांचा हा संगम होता. त्यातील साखर गुलामांच्या श्रमाने पिकत असे, आणि क्युरासाव बेट स्वतः गुलामांच्या व्यापाराचे एक मोठे ठाणे होते, हे विसरून चालणार नाही.

एकोणिसाव्या शतकात हा धंदा फ्रान्समध्ये वाढला. आँजे येथे क्वांत्रो बंधूंनी १८४९ साली कारखाना काढला आणि १८७५ साली त्यांच्या नावाचे नारिंगाचे स्वच्छ रंगहीन मद्य बाजारात आले. १८८० साली मार्निये-लापोस्तोल याने कोन्याक आणि कडू नारिंग यांच्या मिश्रणाचे ग्रँ मार्निये तयार केले. या दोहोंत मद्यार्काचे प्रमाण शेकडा ४० असते. येथे एक गोष्ट ध्यानात येते. ग्लासबाईंच्या कृतीत साल, साखर, फुलांचे पाणी आणि मद्य हे चार जिन्नस वेगवेगळे घ्यावे लागत. लिकरच्या बाटलीत ते एकत्र आणि ठरावीक प्रमाणात मिळू लागले. गृहिणीच्या हातचे काम कारखान्याकडे गेले, आणि तिला उरला तो चमचा.

५

हा चमचा अमेरिकन स्वयंपाकघरात स्थिरावण्यापूर्वीच त्याच्यावर नैतिक आक्षेप आला. स्त्रियांची ख्रिस्ती मद्यनिवारण संघटना १८७४ साली क्लीव्हलंड येथे स्थापन झाली. फ्रान्सिस विलर्ड १८७९ पासून १८९८ पर्यंत तिची अध्यक्षा होती. चळवळीचे मुख्य लक्ष्य दारूचे गुत्ते आणि त्यांनी उद्ध्वस्त केलेले संसार हे होते. परंतु जी स्त्री मद्यत्यागाची शपथ घेई, तिच्याच हाती स्वयंपाकघराच्या किल्ल्या असत. पतीच्या पेल्यातील ब्रँडी पाप आणि आपल्या पुडिंगातील ब्रँडी पुण्य, असे म्हणणे तिला अवघड जाऊ लागले. या चळवळीचा खरा ताण असा घराच्या आत होता, आणि म्हणूनच तो राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच दिसतो.

राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेझ यांच्या कारकीर्दीत, १८७७ ते १८८१, अध्यक्षीय निवासातील मेजवान्यांत मद्य वर्ज्य होते. अध्यक्षपत्नी ल्यूसी हेझ यांना पुढे ‘लेमोनेड ल्यूसी’ असे नावच पडले. त्या मेजवान्यांत नारिंगाच्या पोकळ केलेल्या सालीत गोठविलेले सरबत वाढीत, आणि त्यात रम घातलेली असते अशी कुजबुज वार्ताहरांत होती. त्या पदार्थास त्यांनी थट्टेने ‘जीवरक्षण केंद्र’ असे नाव दिले. हेझ यांनी नंतर आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले की फसगत त्या थट्टेखोरांचीच झाली. सरबतात रम नव्हती, रमसारख्या स्वादाचे द्रव्य होते. कोणाचे म्हणणे खरे मानावे हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी प्रसंगाचे महत्त्व कमी होत नाही. मद्याचा स्वाद आणि मद्य यांत भेद करता येतो, हा विचार येथे स्पष्टपणे पुढे आला. पुढील अर्धशतकाचा कायदा याच भेदावर उभा राहिला.

याच काळात फळाच्या बाजूने उलट दिशेची घटना घडत होती. ब्राझीलमधील बाहिया येथील बिनबियांच्या नारिंगाची रोपे १८७३ साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे एलायझा टिबेट्स हिच्या हाती आली. १८७७ साली नारिंगे रेल्वेने सेंट लुइसला पाठविण्यात आली. १८९३ साली बागाइतदारांची सहकारी संस्था निघाली आणि १९०८ साली तिने आपल्या फळांसाठी ‘सनकिस्ट’ हे व्यापारी नाव स्वीकारले. पीक इतके वाढले की खप वाढविणे भाग पडले. १९१६ पासून ‘नारिंग प्यावे’ असा जाहिरातीचा धडाका सुरू झाला आणि कृतींच्या पुस्तिका घरोघर वाटल्या जाऊ लागल्या. ज्या वर्षांत मद्य घरातून हद्दपार होत होते, नेमक्या त्याच वर्षांत नारिंग व लिंबू ही नाताळची अपूर्वाई न राहता रोजची वस्तू बनली. अमेरिकन लिंबू-मिष्टान्नाचे ‘निर्मळ’ स्वरूप या दोन घटनांच्या योगायोगातून सिद्ध झाले, असे माझे मत आहे.

६

अमेरिकेच्या राज्यघटनेची अठरावी दुरुस्ती १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी रद्द झाली. या दुरुस्तीच्या अंमलबजावणीसाठी १९१९ साली झालेल्या व्होलस्टेड कायद्याने शेकडा अर्ध्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मादक ठरविले. परंतु त्याच कायद्यात पिण्यास अयोग्य अशा स्वादार्कांना सूट होती. ही सूट किती मोठी होती, हे आकड्यांवरून पाहावे. लिंबाच्या अर्कात लिंबाचे तेल शेकडा ५ इतके असावे लागे, आणि ते विरघळून राहण्यासाठी सुमारे ८० टक्के मद्यार्क लागतो. म्हणजे अशा अर्काच्या ५ मिलिलिटरच्या चमच्यात ४ मिलिलिटर मद्यार्क असे. तेवढाच मद्यार्क ४० टक्क्यांच्या लिकरच्या १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे दोन लहान चमच्यांत असतो. शपथ घेतलेली गृहिणी लिंबाच्या पुडिंगात अर्काचा चमचा घाली, तेव्हा ती लेस्लीबाईंच्या चमच्यापासून फार दूर गेलेली नव्हती. बाटलीवरील नाव बदलले होते.

सूट म्हटली की तिचा गैरवापर आलाच. आल्याच्या अर्काचा पेय म्हणून उपयोग होऊ लागला. १९३० साली अशा अर्कात मिसळलेल्या एका विषारी रसायनामुळे हजारो माणसे पांगळी झाली, आणि त्यांत गरिबांचा भरणा मोठा होता. कायद्याच्या शब्दांतील फट कोणासाठी सुवास आणि कोणासाठी विष ठरते, हे त्यांच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून राहिले.

हाच प्रश्न आपल्या प्रांतातही उद्भवला, हे येथे नमूद केले पाहिजे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. त्याच्या वैधतेस आव्हान देणारा बलसारा खटला १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. न्यायालयाने दारूबंदीचे तत्त्व व कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला, पण मद्यार्क असलेल्या औषधी व प्रसाधनाच्या वस्तूंवर बंदी घालणारी कलमे त्या मर्यादेपुरती अवैध ठरविली. नंतरच्या दुरुस्तीने जे २४-अ कलम आले, त्यात औषधे व प्रसाधने यांच्याबरोबर मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य अशा स्वादार्क, इसेन्स व सरबतांनाही सूट देण्यात आली. वॉशिंग्टन आणि मुंबई येथील कायदेकारांची पार्श्वभूमी, धर्मकल्पना आणि राजकारण सर्वस्वी भिन्न. तरीही दोघांस एकाच जागी थांबावे लागले, आणि ती जागा म्हणजे स्वयंपाकघरातील लहान बाटली. हे साम्य अनुकरणाचे असेल किंवा नसेल. पदार्थाच्या गुणधर्माने ते दोन्हीकडे अटळ केले होते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

७

ज्या रूपात आज आपण ही वडी ओळखतो, ते रूप दारूबंदी उठल्यानंतर एका पिढीने आले. लिंबाच्या वडीची कृती प्रथम छापली गेली ती १९६२ साली शिकागोच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात, असे सामान्यतः मानले जाते. १९६३ सालच्या बेटी क्रॉकरच्या बिस्किटांच्या पुस्तकात ती लिंबाचे चौकोन या नावाने आली आणि देशभर पसरली. पीठ, लोणी आणि पिठीसाखर एकत्र करून, आपल्या नानकटाईप्रमाणे भरपूर मोहनाचा गोळा करावयाचा आणि तो लाटण्याऐवजी बोटांनी ताटलीत दाबून बसवावयाचा. तो थोडा भाजला की वर अंडी, साखर, लिंबाचा रस व थोडे पीठ यांचे मिश्रण ओतून पुन्हा भाजावयाचे. पोळपाट-लाटण्याची गरज नाही, पदर सोडण्याचे कौशल्य नको, आणि एका ताटलीत शाळेच्या वा चर्चच्या समारंभास पुरतील इतक्या वड्या होतात. उष्णता नियंत्रित करणारी भट्टी घरोघर आल्यामुळे अंड्यांचे मिश्रण फाटण्याची भीतीही कमी झाली. या कृतीत मद्याचा थेंबही नव्हता. पण तो का नव्हता, याचे उत्तर चवीत नसून १८७४ ते १९३३ या इतिहासात आहे.

मद्य परतले ते वेगळ्या वाटेने. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ज्युलिया चाइल्ड व तिच्या सहलेखिकांच्या फ्रेंच पाककलेवरील पुस्तकाने नारिंगाचे लिकर अमेरिकन गृहिणीच्या फडताळात पुन्हा आणले. १९७० च्या दशकात तयार पिठाच्या पुडक्यात नारिंगाचा रस, व्होडका आणि इटालियन लिकर घालून केलेला केक लोकप्रिय झाला. १९८८ साली काप्री येथे लिमोनचेल्लो हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले गेले आणि इटलीतील घरगुती लिंबू-मद्य जागतिक वस्तू बनले. आज वडीत जो चमचा पडतो, तो बहुधा यांपैकी एखाद्या बाटलीतला असतो.

भाजताना मद्यार्क सर्व उडून जातो, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. मद्यार्क ७८ अंश सेल्सियसला उकळतो या एका गोष्टीवर ती आधारलेली आहे. परंतु अमेरिकन कृषिखात्याच्या तक्त्यांनुसार, मिश्रणात ढवळून अर्धा तास भाजलेल्या पदार्थात सुमारे ३५ टक्के मद्यार्क शिल्लक राहतो, आणि एक तासानंतरही २५ टक्के. चाळीस टक्क्यांचे लिकर ३० मिलिलिटर घातले, तर त्यात मद्यार्क १२ मिलिलिटर. भाजल्यावर उरतो सुमारे ४ मिलिलिटर. सोळा वड्या केल्यास प्रत्येकीत पाव मिलिलिटर. नशेच्या दृष्टीने हे प्रमाण नगण्य आहे, पण ते शून्य नाही. जो व्रताने किंवा धर्माने मद्य वर्ज्य मानतो, त्याला हा भेद सांगणे हे यजमानाचे कर्तव्य ठरते.

८

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. लिंबाच्या वडीत लिकर घालणे हा आधुनिक चैनीचा शोध नव्हे. १७४७, १७९६ आणि १८२८ या तिन्ही सालांच्या ग्रंथांत त्याची पूर्वपीठिका स्पष्ट आहे. उलट मद्यविरहित वडी हीच एका विशिष्ट कालखंडाची निर्मिती आहे. आणि त्या कालखंडातही धागा तुटला नव्हता. तो अर्काच्या बाटलीत दडून राहिला होता.

यावरून दोन गोष्टी पदव्युत्तर अभ्यासकांच्या विचारासाठी मांडाव्याशा वाटतात. पहिली अशी की, ज्या रूढीस आपण ‘पारंपरिक’ म्हणतो ती पुष्कळदा जेमतेम दोन पिढ्यांची असते, आणि जी ‘नवी’ वाटते तिची मुळे खोल गेलेली असतात. निर्णय पाठांची तुलना करूनच घ्यावा लागतो. दुसरी अशी की, आपल्याकडील दारूबंदीचा इतिहास आजवर मुख्यतः विधिमंडळ आणि न्यायालय यांच्या कागदांवरून लिहिला गेला आहे. मुंबईतील आणि गोव्यातील ख्रिस्ती, पारशी व अन्य कुटुंबांच्या पाककृतींच्या जुन्या वह्या अजून घरोघर पडून असतील. नाताळच्या केकातील रमच्या जागी १९४९ नंतर मुंबईत काय आले, आणि १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या गोव्यात काय टिकले, याची उत्तरे त्या वह्यांतच मिळण्याचा संभव आहे. कागद ठिसूळ असतो आणि वह्या वापरणाऱ्या हातांबरोबर नाहीशा होतात. त्या गोळा करण्याचे काम आताच हाती घेतले पाहिजे.